बिनछत्रीची राजधानी

बालमित्रांनो, नकाशाचं पुस्तक काढा बरं! दक्षिण अमेरिकेच्या डाव्या काठावर, प्रशांत महासागराला खेटून पेरू नावाचा देश सापडेल. (हे नाव घेतलं की आमच्या वर्गात हमखास खसखस पिकते!) त्याची राजधानी लिमा. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात, तेव्हा तिथे मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात.

समुद्रकाठचं शहर म्हणजे मुंबईसारखा धो धो पाऊस, असं तुम्हाला वाटेल. पण लिमात वर्षभरात सरासरी २ सेंटिमीटरही पाऊस पडत नाही! हे शहर चक्क वाळवंटात वसलंय. आणि याला कारण तो समुद्रच, बरं का. थंडगार पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह दक्षिणेकडून या किनाऱ्याला लागून वाहतो. त्यामुळे समुद्रावरची हवा गार पडते. गार हवा जड, ती वर चढत नाही. हवा वर चढली नाही तर पावसाचे ढग व्हायचे कसे? म्हणून जून ते सप्टेंबर नुसतं करडं धुकं आणि बारीक भुरभुर. तिला 'गारुआ' म्हणतात. कपडे दमट होतात, पण छत्री उघडावी इतकं काही पडत नाही.

तिथे गेलात तर आधी मिराफ्लोरेस भागातली 'वाका पुक्याना' गाठा. उंच इमारतींच्या गराड्यात मातीच्या विटांचा भला मोठा पिरॅमिड! साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे इंका राजांच्याही कितीतरी आधीचा. त्याच्या विटा नीट बघा. कपाटात वह्या-पुस्तकं लावतो ना, तशा त्या उभ्या रचल्यात, मधे थोडी थोडी फट ठेवून. भूकंप झाला की विटा जरा हलतात, पण भिंत उभी राहते. आणि मातीच्या विटा इतकी वर्षं विरघळल्या कशा नाहीत? उत्तर तुम्हीच द्या, वर सांगून झालंय!

जवळच समुद्रावर उंच कडे आहेत. कड्यावरून पॅराग्लायडिंगवाले उडतात, ते बघायला पैसे पडत नाहीत. स्पेनच्या पिझारोने १५३५ साली वसवलेल्या जुन्या शहरात सान फ्रान्सिस्को मठ आहे. त्याच्या तळघरात माणसांची हाडं गोलाकार मांडून ठेवलीत. भित्र्यांनी बाहेरच थांबावं. कायाओ बंदरातून होडीने पालोमिनो बेटांकडे गेलात तर समुद्रसिंहांचे कळप दिसतील. थंड प्रवाहामुळे इथे मासळी उदंड, म्हणून त्यांची चंगळ! माणसंही लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशांचं 'सेविचे' चवीने खातात.

संध्याकाळी कारंज्यांच्या बागेत जा. ही रंगीत कारंजी २००७ साली सुरू झाली. एकाचा फवारा तर ८० मीटर उंच उडतो. मुलं आतून भिजत पळतात. मजा येते, पण वाळवंटातल्या गावाने पाण्याची अशी आतषबाजी करावी, हे काही मला पटत नाही.

कारण शहराच्या कडेच्या टेकड्यांवर जी वस्ती आहे, तिथे अनेक घरांत नळच नाहीत. टँकर येतो, दारातली पिंपं भरतो. खालच्या नळवाल्यांपेक्षा या गरिबांना लिटरमागे कितीतरी पट जास्त पैसे मोजावे लागतात! शहराची बरीचशी तहान रिमाक नदी भागवते. ती अँडीज पर्वतातून येते. रिमाक म्हणजे 'बोलणारी'. २०१७ च्या मार्चमध्ये वरच्या डोंगरांत धुवांधार पाऊस झाला, नदीतून चिखलाचे लोंढे आले, आणि जलशुद्धीकरण बंद पडल्याने लिमाचे नळ काही दिवस कोरडे राहिले. पुरात पाण्याची टंचाई!

टेकड्यांवरच्या काही लोकांनी मात्र शक्कल लढवली. दोन खांबांना मोठी जाळी ताणून बांधायची. धुकं जाळीत अडतं, थेंब जमतात, खालच्या पन्हळीतून टाकीत जातात. पाणी पिण्यासाठी नाही, पण भाजीच्या वाफ्यांना, धुण्याभांड्यांना चालतं.

याच धुक्यावर एरवी उजाड असलेल्या काही टेकड्या हिरव्या होतात. जूनच्या अखेरीला तिथे 'अमान्काएस' नावाची पिवळीधमक फुलं उमलतात. ती पाहायची तर चढ चढायची तयारी ठेवा आणि घाई करा. त्यांचा बहर थोडेच दिवस असतो.