‘आढळला नाही’ आणि ‘नाही’

२०२३ च्या जून महिन्यात, महाविद्यालयाचे नवे सत्र सुरू होत असतानाच, आमच्या आत्याबाईंच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ असल्याचे कळले. प्राथमिक शाळेत तीन तपे शिकवलेल्या आत्याबाईंनी तंबाखूला कधी हातही लावला नव्हता. गाठीतून काढलेल्या इवल्याशा तुकड्यावरून निदान झाले. मात्र पुढच्या जनुकीय तपासणीला तो तुकडा अपुरा पडला. ईजीएफआर या जनुकात ठरावीक बदल असेल, तर केमोथेरपीऐवजी गोळ्या देता येतील, असे डॉक्टर म्हणाले. पुन्हा सुई घालण्यापूर्वी तो बदल रक्तात शोधून पाहावा, असे ठरले.

गाठ फुप्फुसात आणि तिचा पुरावा दंडातून काढलेल्या रक्तात, हे आम्हां दोघा मराठीच्या प्राध्यापकांना अजबच वाटले. मग वाचू लागलो. पेशी मरताना आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात सोडतात आणि ते पेशीबाहेर मोकळे वाहत असतात. मांडेल आणि मेते या फ्रान्समधील दोन संशोधकांनी माणसाच्या रक्तद्रवातील अशा न्यूक्लिइक आम्लांची नोंद १९४८ सालीच केली होती. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडायला तेव्हा पाच वर्षे अवकाश होता. त्या नोंदीकडे दीर्घकाळ फारसे कोणी पाहिले नाही. १९७७ मध्ये अनेक कर्करुग्णांच्या रक्तात या डीएनएचे प्रमाण वाढलेले आढळले. १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतीच्या रक्तात गर्भाचा डीएनए दाखवून दिला.

माणसाच्या जनुकसंहितेत सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्या असतात. रक्तातले हे तुकडे बहुधा १६६ जोड्यांच्या आसपासचे. तेही फार टिकत नाहीत. काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, निम्मे नाहीसे होतात. त्यांतले बहुतेक निरोगी रक्तपेशींचे. गाठीचे कधी शंभरात एखादा, कधी त्याहूनही कमी. जीर्ण पोथीची विखुरलेली पाने जुळवावीत, तसे हे काम आहे, असे वाटून आम्ही काहीसे खूशही झालो होतो.

अहवाल आला. त्यावर इंग्रजीत ‘नॉट डिटेक्टेड’ असे छापले होते. आम्ही आत्याबाईंना सांगितले, “तो बदल नाही.” नातेवाइकांनाही फोनवरून तेच कळवले. गोळ्यांची वाट बंद झाली, असे आम्ही मनाशी धरून बसलो. आत्याबाईंनी चष्मा मागवून कागद स्वतः वाचला आणि म्हणाल्या, “अरे, ‘नाही’ असं कुठं लिहिलंय? ‘आढळला नाही’ असं आहे. तुम्ही दोघं मराठी शिकवता ना?”

दोन दिवसांनी डॉक्टरांनी हेच सांगितले. गाठ रक्तात पुरेसे तुकडे सोडत नसेल, तर बदल असूनही तपासणीच्या हाती लागत नाही. रक्तात तो सापडला, तर त्यावर बऱ्यापैकी विसंबता येते. न सापडल्यास मात्र गाठीचाच तुकडा पुन्हा तपासावा लागतो. तो तपासला, आणि बदल निघाला. आत्याबाईंच्या गोळ्या सुरू झाल्या. शरीरात दोष सापडला म्हणून घरात पेढे वाटले जाण्याचा तो आमच्या पाहण्यातला पहिलाच प्रसंग.

या प्रकरणात आम्हांला स्वतःची लाज वाटली, ती विज्ञान कळले नाही म्हणून नव्हे. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही दरवर्षी बजावतो की, एखादी ओवी एका प्रतीत मिळाली नाही, एवढ्यावरून ती मुळात नव्हतीच असे म्हणता येत नाही. प्रत किती पूर्ण, किती पाने गहाळ, हे आधी पाहावे. वर्गात निःशंकपणे सांगितलेला हा नियम घरातल्या कागदासमोर आम्हांला आठवला नाही. भीतीने आम्ही एक क्रियापद गाळून वाचले. आत्याबाईंना भीती नव्हती असे नाही. त्यांनी वाक्य पूर्ण वाचले, इतकेच.

आजार बरा झालेला नाही, आटोक्यात आहे. अशा गोळ्यांना गाठ पुढे दाद देईनाशी होऊ शकते. तेव्हा नवा बदल शोधायला पुन्हा रक्त पाठवावे लागेल. तो अहवाल आला की आधी आत्याबाईंच्या हाती द्यायचा, असे आम्ही ठरवले आहे.