ब्राउकॉफच्या घरात कोण राहत होते?

हॉलिवूडमध्ये १९४४ पासूनची आठ-दहा वर्षे एका खास जातीचे संगीतपट निघत होते. गाव लहान, घर मोठे. ओसरीवर झोपाळा, स्वयंपाकघरात तोंडाळ मोलकरीण, वरून कडक पण आतून मऊ असे वडील, आणि शेजारी राहायला आलेला देखणा मुलगा. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे ते चित्रपट पाहणाऱ्यांच्या आईवडिलांच्या तारुण्याचा. ज्यूडी गार्लंडचा ‘मीट मी इन सेंट लुईस’ (१९४४) त्यांतला सर्वांत गाजलेला. पुढे मिकी रूनीचा ‘समर हॉलिडे’ (१९४८) आला, डोरिस डेचे ‘ऑन मूनलाइट बे’ (१९५१) आणि ‘बाय द लाइट ऑफ द सिल्व्हरी मून’ (१९५३) आले. गंमत म्हणजे गार्लंडचे वडील आणि डोरिस डेचे वडील एकाच नटाने केले आहेत, लिऑन एम्स याने. वडील म्हणून तो चेहरा लोकांना पटला असावा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या लेकीबरोबर मी हे चित्रपट लॅपटॉपवर पाहिले. सगळ्यांत जास्त अडकले ती ‘सेंट लुईस’मध्ये.

त्याची सुरुवात स्वयंपाकघरात होते. १९०३ चा उन्हाळा. चुलीवर मोठ्या भांड्यात टोमॅटोचे केचप शिजते आहे आणि घरातला जो येतो तो चव घेऊन मत देतो: कुणाला आंबट लागते, कुणाला गोड. मग थोरल्या रोझला न्यूयॉर्कहून एका तरुणाचा फोन येणार असतो. त्यासाठी जेवणाची वेळ अलीकडे ओढली जाते. घरातल्या सगळ्यांना कारण माहीत, फक्त वडिलांना नाही. फोन जेवणाच्या खोलीतच, त्यामुळे रोझ बोलते आणि अख्खे कुटुंब ऐकते. मुलगा लग्नाचे काहीच बोलत नाही. एवढेच प्रसंग. खलनायक नाही, खजिना नाही. दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली यांनी एका मध्यमवर्गीय घरातल्या चार ऋतूंचा चित्रपट केला.

चिंता एकच. वडील वकील आहेत आणि त्यांना नोकरीसाठी न्यूयॉर्कला जायचे आहे. घर सोडावे लागणार. नाताळच्या रात्री गार्लंड धाकट्या बहिणीला, टूटीला, समजावायला एक गाणे म्हणते. त्या गाण्याचे मूळ शब्द इतके निराश होते, की एवढ्याशा पोरीसमोर हे म्हटले तर लोक मला दुष्ट समजतील, असे म्हणून गार्लंडने ते बदलायला लावले. तरी टूटी ऐकत नाही. ती झोपायच्या कपड्यांत धावत बाहेर जाते आणि अंगणातली बर्फाची माणसे फोडून टाकते. आपल्याला न्यायला मिळणार नाहीत, तर दुसऱ्या कुणालाही मिळू नयेत. वडील खिडकीतून ते बघतात. मग सगळ्यांना खाली बोलावून सांगतात, आपण कुठेही जाणार नाही.

पडद्यावर हे आले तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. लाखो घरांतले मुलगे परदेशात होते. ‘आपण कुठेही जाणार नाही’ हे वाक्य ऐकायला लोक किती आसुसले असतील!

आता खरी हकीकत. ही कथा सॅली बेन्सन या लेखिकेच्या बालपणाच्या आठवणींवरून घेतलेली आहे. त्या आधी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात येत होत्या, मथळा होता घराचा पत्ता: ५१३५ केन्सिंग्टन. बेन्सन यांचे कुटुंब मात्र सेंट लुईसला राहिले नाही. ते खरोखरच न्यूयॉर्कला गेले. म्हणजे पडद्यावर वडील घर वाचवतात ते आयुष्यात घडलेच नव्हते. जे घर सुटले, ते लेखिकेने आधी कागदावर बांधले आणि मग एमजीएम कंपनीने आपल्या स्टुडिओच्या आवारात अख्खी गल्ली उभी करून बांधले. आणि गंमत बघा, १९०० च्या जनगणनेत सेंट लुईस हे अमेरिकेतले चौथ्या क्रमांकाचे शहर होते. चित्रपटात ते एका गल्लीएवढे दिसते. आठवणीत गाव नेहमी लहानच होते.

पण मला थांबवले ते एका वेगळ्या प्रसंगाने. हॅलोविनची रात्र. मुलांनी वेष घेतले आहेत, रस्त्यात होळी पेटवली आहे. त्यांचा खेळ असा, की दार ठोठवायचे आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर पीठ फेकायचे. गल्लीत एक घर असे आहे जिथे जायची कुणाची हिंमत नाही. मिस्टर ब्राउकॉफ यांचे. नावावरून बाहेरून आलेले वाटतात. मुलांमध्ये त्यांच्याबद्दल गोष्टी आहेत: बायकोला मारतात, तळघरात दारूच्या रिकाम्या बाटल्या आहेत. चिमुरडी टूटी एकटी जाते, पीठ फेकते, मला तुमचा तिरस्कार वाटतो असे सांगते आणि पळत सुटते. ब्राउकॉफ काही बोलत नाहीत. दारात नुसते उभे राहतात. त्यांचा कुत्रा खाली सांडलेले पीठ चाटतो.

टूटी शूर ठरते. कॅमेरा तिच्याबरोबर होळीकडे जातो. ब्राउकॉफच्या घरात पुन्हा कुणी डोकावत नाही.

लेक हसत होती. मी हसले नाही, कारण ते दार माझ्या ओळखीचे होते.

आमचे जुने घर तालुक्याच्या गावात, मिश्र गल्लीत होते. दादाअब्बांची दाढी मेंदीने लाल, डोळे मोठे, आवाज जड. गल्लीतली पोरे पैज लावून आमच्या दाराची कडी वाजवायची आणि पळायची. दादाअब्बा पोत्यात घालून नेतात, असे ती एकमेकांना सांगायची. तीच पोरे ईदला आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला ओळीने बसायची, आणि खारीक कुणाच्या वाटीत जास्त आली यावरून भांडायची. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कुणाच्या मनात विष होते असे मी म्हणणार नाही. पण त्या गल्लीची गोष्ट त्यांच्यापैकी कुणी लिहिली, तर आमचे घर कडीच्या बाजूने दिसेल की शीरखुर्म्याच्या, हे लिहिणाऱ्यावर अवलंबून आहे.

१९९३ मध्ये अब्बांनी ते घर विकले. आमच्या गावात काहीच झाले नव्हते. जे झाले ते मोठ्या शहरांत. आम्हाला कुणी जा म्हटले नाही. समोरच्या काकू तर रडल्या. पण अब्बा रात्री दोनदा उठून कडी बघायला लागले होते. एका जुम्याला नमाजहून आले आणि अम्मीला म्हणाले, ‘‘आपल्या लोकांत राहू.’’ चित्रपटातल्या वडिलांसारखे त्यांनी सगळ्यांना खाली बोलावले नाही. आमच्या घराला वरचा मजला नव्हता.

जायचे की राहायचे, हे ठरवणारा बाप आपल्या पडद्यावरही आहे. इस्मत चुगताई यांच्या कथेवरचा, एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ आठवा. आग्र्याचे सलीम मिर्झा, म्हणजे बलराज साहनी, अखेर टांग्यातून उतरतात आणि मोर्च्यात सामील होतात. त्यांना राहण्यासाठी घर, धंदा, मुलगी, सगळे गमवावे लागते. सेंट लुईसच्या वकिलाला फक्त मन बदलावे लागते. ‘सेंट लुईस’ गोड वाटतो तो यामुळेच: राहणे इतके सोपे असलेला बाप आम्हाला पडद्यावर फारसा भेटलाच नाही.

मग आपले संगीतपट? ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे मेहबूब’ (१९६३). नकाब, शेरवानी, लखनऊ, शेरोशायरी. मला ते आवडतात, गाणी पाठ आहेत. पण त्यांत कुणी केचप शिजवत नाही. अब्बांची पगाराची स्लिप नाही, रॉकेलची रांग नाही, घरात दखनी आणि दारात मराठी बोलणारी अम्मी नाही. पडद्यावर आम्ही नवाब झालो. शेजारी होऊ शकलो नाही.

आठवणींचे चित्रपट खोटे असतात, असा आरोप होतो. तो अर्धा बरोबर आहे. ‘सेंट लुईस’ संपतो १९०४ च्या जागतिक जत्रेत, हजारो दिव्यांच्या झगमगाटात. त्याच जत्रेत फिलिपिन्समधून आणलेल्या हजाराहून अधिक माणसांना ‘गाव’ म्हणून प्रदर्शनात ठेवले होते. जेरुसलेम शहराची प्रतिकृती उभारली होती, घुमटासकट, आणि त्यात वावरायला जेरुसलेमचे लोक आणले होते. स्मिथ कुटुंब दिवे बघते, ही माणसे बघत नाही. पण म्हणून केचपचा प्रसंग खोटा ठरत नाही. त्या घरातला जिव्हाळा खरा आहे, फक्त त्याचा उजेड एकाच घरावर पडला आहे. दुसऱ्या घरावर पाडायचा तर दिवा त्या घरातल्यानेच धरला पाहिजे.

मी शाळेत मराठी शिकवते. ‘माझे घर’ हा निबंध दरवर्षी देते. वर्षानुवर्षे माझ्या वर्गातली मुले गाइडमधले घर उतरवून आणायची: अंगणात तुळस, दिवाळीत आईचा फराळ, मागे विहीर. पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणारी मुले हे सुवाच्य अक्षरात लिहायची, कारण निबंधातले घर असेच असते असा त्यांचा समज. यंदा जूनमध्ये फळ्यावर विषय बदलला: ‘आमच्या घरात काल काय शिजले आणि तेव्हा कोण काय म्हणाले’. गाइडमध्ये याचे उत्तर नाही.

एका मुलीने लिहिले: ‘काल मसूरची डाळ होती. दादी म्हणाली, मीठ कमी. अब्बू म्हणाले, ठीक आहे. अम्मीने दादीच्या वाटीत मीठ टाकले आणि अब्बूच्या वाटीतपण टाकले.’

शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. दहापैकी नऊ दिले आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, आमच्याकडेपण दादी असंच बोलते.’’ मग सगळा वर्गच बोलायला लागला.