लुंबिनीच्या वाटेवर कोणते घड्याळ न्यावे?

दर हिवाळ्यात आपल्या वस्त्यांमधून कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्तीकडे सहली निघतात. महिनाभर आधीपासून सामानाची यादी होते. स्वेटर, कानटोपी, औषधे, चिवडा, चटणी, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, सगळे आठवणीने भरले जाते. मनगटावर कोणते घड्याळ बांधायचे, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. हाताला लागेल ते बांधायचे, नाहीतर मोबाईल आहेच, असे म्हणून आपण मोकळे होतो.

2023 च्या डिसेंबरात आम्ही घरचे नऊ जण या प्रवासाला गेलो. निघण्याच्या आठ दिवस आधी आमच्याकडे घड्याळ या एकाच विषयावर चांगली दोन तास बैठक झाली. त्याला कारणही तसेच होते. लुंबिनी नेपाळात आहे आणि नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. आपल्याकडे दहा वाजतात तेव्हा तिकडे सव्वादहा झालेले असतात. एक तास, अर्धा तास ठीक. पण हा पाव तासाचा काय प्रकार, असे कोणालाही वाटेल.

त्यामागचा हिशेब सोपा आहे. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. नेपाळने 1986 पासून आपली वेळ सव्वाशहाऐंशी अंशांवर, गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या रेषेवर धरली. दोन्हींत पावणेचार अंशांचे अंतर, म्हणजेच बरोबर पंधरा मिनिटे.

मुंबईकरांनी तर याला हसूच नये. 1906 साली देशभर एक वेळ ठरली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ सोडली नव्हती. ती भारतीय वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असे. महापालिकेची घड्याळे त्यानंतरही कित्येक वर्षे त्या जुन्या वेळेवर चालत होती. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी एकाच शहरात दोन वेळा सांभाळल्या आहेत.

तर बैठकीत घरातली सगळी घड्याळे चटईवर मांडली. पहिले दादाचे लग्नातले, सोनेरी पट्ट्याचे. दुसरे वहिनीचे नाजूक सेलचे घड्याळ. तिसरे भाच्याचे नव्या पद्धतीचे, मनगटावर फोनसारखे उजळणारे. चौथे पुतणीचे कॅसिओचे आकडेवाले, काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याचे. पाचवे आमच्या बाबांचे एचएमटी जनता.

दादाच्या घड्याळाचा निकाल आधी लागला. स्लीपरच्या डब्यात दीड दिवस काढायचा, रात्री बर्थवर हात लोंबकळणार, स्टेशनच्या नळावर तोंड धुताना घड्याळ काढून कठड्यावर ठेवले जाणार. अशा ठिकाणी चमकणारी वस्तू नेली की माणसाचे अर्धे लक्ष तिच्यातच अडकते. प्रवासात असे घड्याळ न्यावे की जे हरवले तर वाईट वाटेल, पण घरात रडारड होणार नाही. सोनेरी घड्याळ कपाटात गेले.

भाच्याचे घड्याळ पावले मोजते, नाडी मोजते, सगळे करते. पण त्याला दर एक-दोन दिवसांनी चार्जिंग लागते. डब्यातले प्लग किती आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले लोक किती, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. शिवाय ते फोनवरून वेळ घेते आणि सीमेजवळ फोनचीच पंचाईत होऊ शकते. सोनौलीला फोन कधी आपल्याकडचा मनोरा धरतो, कधी पलीकडचा. वेळ आपोआप बदलण्याची सोय चालू असेल, तर तो पंधरा मिनिटे पुढे उडी मारतो, पुन्हा मागे येतो. भाच्याला सांगितले, ‘ने, पण त्याच्या भरवशावर कोणी राहणार नाही.’

वहिनीचे आणि पुतणीचे, दोन्ही क्वार्ट्झ. या घड्याळात स्फटिकाचा बारीक तुकडा सेलच्या जोरावर सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि त्यावरून सेकंद मोजला जातो. महिन्याला दहा-पंधरा सेकंदांपलीकडे फरक पडत नाही. भीती एकच, सेल संपण्याची. वहिनीच्या घड्याळाला सेल घालून दोन वर्षे झाली होती. ते नाक्यावरच्या घड्याळजीकडे देऊन सेल बदलून आणला. लांबच्या प्रवासाआधी हे काम करून घ्यावेच; परक्या गावात नेमका तोच सेल मिळेल याची खात्री नसते.

पुतणीच्या घड्याळाचा मोठा गुण म्हणजे ते चोवीस तासांची वेळ दाखवते. रेल्वेच्या तिकिटावरही तशीच वेळ असते आणि तिथेच आपल्या लोकांची फसगत होते. समजा, तिकिटावर 14 तारीख आणि 00.20 अशी वेळ छापली आहे. पुष्कळ जण 14 तारखेच्या रात्री जेवून-खाऊन आरामात स्टेशनवर जातात. गाडी तर आदल्याच रात्री, 13 तारीख संपून वीस मिनिटे झाल्यावर, निघून गेलेली असते. काट्यांच्या घड्याळात दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा सारखेच दिसतात. म्हणून नऊ जणांत एक तरी आकडेवाले, गजर असलेले घड्याळ हवे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुके दाट पडते आणि गाड्या कित्येक तास उशिराने धावतात. खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीसारखे धुके असते. सकाळ की दुपार, कळत नाही.

राहिले बाबांचे घड्याळ. एचएमटीची घड्याळे 1961 पासून बंगळूरला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तयार होऊ लागली. सरकारी कारखान्याचे, किमतीला परवडणारे, चावीचे घड्याळ म्हणून ते कामगारांच्या मनगटावर आले. तो घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 साली घेतला. आमचे बाबा गिरणीत होते. त्यांनी हे घड्याळ बोनसच्या पैशांतून घेतले होते. 1982 च्या संपात घरातली भांडी गेली, आईचे डोरले गेले, पण घड्याळ राहिले. ‘कामाला बोलावतील तेव्हा वेळेवर जायला नको का,’ असे बाबा म्हणायचे. बोलावणे काही आले नाही. लुंबिनीला जायचे त्यांच्या फार मनात होते, तेही राहून गेले.

आई म्हणाली, ‘ह्यांचं घड्याळ न्यायचं.’

दादा नको म्हणत होता. जुने यंत्र, दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडेतिकडे होते, रोज चावी द्यावी लागते, पाण्याचा थेंब आत गेला तर संपले. ‘आणि आई, हे हरवलं तर दुसरं कुठून आणायचं?’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हरवले तर रडारड होईल ते घड्याळ नेऊ नये, हा नियम आम्ही तासाभरापूर्वीच केला होता.

त्यावर आई जे बोलली ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. ‘तुमचं आकड्यांचं घड्याळ मला वाचता येत नाही. मोबाईल मला येत नाही. ह्यांनी मला काटे शिकवले ते याच घड्याळावर. तिथं गर्दीत मी एकटी पडले तर किती वाजले ते कोणाला विचारू?’

आमची आई शाळेत गेलेली नाही. अक्षरे तिला येत नाहीत, पण छोटा काटा कुठे आणि मोठा कुठे, यावरून ती गिरणीच्या भोंग्याची वेळ अचूक सांगे. दादा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तोच उठून घड्याळ साफ करून, तेलपाणी करवून, आईच्या मनगटाला बेताचा होईल असा नवा पट्टा घालून घेऊन आला.

निघताना असे ठरले की वहिनीचे आणि पुतणीचे घड्याळ सीमा ओलांडताच नेपाळी वेळेवर लावायचे. आईचे घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवायचे. आईला सांगितले, ‘तिकडे मोठा काटा पाव चक्कर पुढे धरायचा.’ ती म्हणाली, ‘म्हणजे चपातीचा चौथा हिस्सा.’ आकड्यांच्या घड्याळावर ‘पंधरा मिळवा’ असे सांगितले असते तर गोंधळ झाला असता. काट्यांच्या तबकडीवर पाव तास डोळ्यांना दिसतो. म्हातारी माणसे, लहान मुले आणि शाळा न पाहिलेल्या आयाबाया यांच्यासाठी काट्यांचेच घड्याळ बरे.

गोरखपूरला उतरलो ते पाच तास उशिराने. तिथला लांबच लांब फलाट पाहण्यासारखा आहे. 1366 मीटरचा हा फलाट बरीच वर्षे जगात सर्वांत लांब म्हणून प्रसिद्ध होता. 2023 च्या मार्चमध्ये तो मान कर्नाटकातल्या हुबळीकडे गेला. गोरखपूरहून आधी कुशीनगर केले. तिथली सहा मीटरहून थोडी अधिक लांबीची महापरिनिर्वाण मूर्ती 1876 साली उत्खननात सापडली. त्या मूर्तीपुढे कोणीच घड्याळ पाहिले नाही. मग गाडी ठरवून सोनौलीच्या फाटकातून पलीकडे गेलो.

लुंबिनीचा परिसर खूप मोठा आहे. जपानचे वास्तुशिल्पी केन्झो तांगे यांनी त्याचा आराखडा केला, तो 1978 साली मंजूर झाला. लांबी सुमारे पाच किलोमीटर, मधून कालवा, दोन्ही बाजूंना देशोदेशीचे विहार. 1986 साली पेटवलेली अखंड शांतिज्योतही इथेच आहे. चालता चालता घरची माणसे पांगतात. आमचेही तसेच झाले.

गाडीचा चालक गोरखपूरचा. तो सकाळी म्हणाला होता, साडेतीनला निघू. मुले ‘हो’ म्हणून पळाली. आईने मात्र त्याला थांबवून विचारले, ‘भैया, कौन सा साढ़े तीन? इधर का या उधर का?’ तो हसला आणि म्हणाला, ‘अम्मा, हमारी घड़ी में तो इंडिया ही चलता है।’ म्हणजे नेपाळच्या पावणेचारला. हा एक प्रश्न विचारला नसता तर निम्मे लोक गाडीपाशी उभे आणि निम्मे विहारात, असे झाले असते. अंधार पडायच्या आत सीमा ओलांडून रात्रीची गाडी गाठायची होती. आत्याला इन्सुलिन असते. त्यात पाव तासाने काही बिघडत नाही, पण गाडी चुकली तर तिचे रात्रीचे जेवण आणि इंजेक्शन दोन्ही अडतात.

मायादेवी मंदिरात चपला काढून आत जायचे, फोटो काढायचे नाहीत. बाहेर पुष्करणी आणि सम्राट अशोकाचा स्तंभ. हा स्तंभ 1896 साली पुन्हा उजेडात आला. त्यावरच्या ब्राह्मी लेखाचा आशय एका भिक्खूंनी समजावून सांगितला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, इथे बुद्ध जन्मले म्हणून त्याने वंदन केले, आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नाचा वाटाही आठव्या हिश्श्यावर आणला. आई म्हणाली, ‘नुसता नमस्कार करून गेला नाही, गावाचं ओझंही उतरवून गेला.’ मग तिने पदराने घड्याळाची काच पुसली आणि मनगट घटकाभर स्तंभाच्या दिशेने धरले. आम्ही काही विचारले नाही. साडेतीनला पाच मिनिटे असताना ती आणि आत्या सर्वांत आधी गाडीपाशी हजर होत्या.

आता जे बंधू-भगिनी जाणार असतील त्यांच्यासाठी थोडे कामाचे. एका कुटुंबामागे दोन साधी घड्याळे पुरेत: एक आकड्यांचे गजरवाले, एक काट्यांचे. एक नेपाळी वेळेवर, एक भारतीय वेळेवर, आणि कोणते कुठल्या वेळेवर ते सर्वांना ठाऊक हवे. सेल आधी बदलावा. चावीचे घड्याळ रोज सकाळी ठरल्या वेळी भरावे. पूर्ण चावी दिली की ते साधारण दीड दिवस चालते. तबकडीवर तारीख असलेल्या चावीच्या घड्याळाची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान हाताने बदलू नये, आतले दाते दुखावतात. मागे ‘वॉटर रेझिस्टंट 30 मीटर’ लिहिले असले तरी ते घालून नदीत उतरू नये. शिंतोडे सोसतील एवढाच त्याचा अर्थ. रात्री झोपताना घड्याळ उशाखाली न ठेवता आतल्या खिशात ठेवावे. आणि वेळ ठरवताना चालक असो, लॉजवाला असो की आपलाच माणूस असो, ‘कुठली वेळ?’ हे विचारायला लाजू नये.

घरात कोणाचे जुने घड्याळ डब्यात पडून असेल, तर ते घड्याळजीला दाखवून घ्यावे. पुष्कळदा नुसते साफ केले की ते चालू लागते. आणि घरातल्या ज्या माणसाला ते वाचता येते, प्रवासात ते त्याच्याच मनगटावर बांधावे.