सामाईक जिना

ज्या दस्तऐवजान्वये आम्ही आमच्या राहत्या घराचे मालक झालो, त्यात दोन शब्द असे आहेत की ते आमच्या आजोबांना दाखविले असते तर त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले असते. 'अविभक्त हिस्सा' हे ते शब्द होत. हिस्सा म्हटला म्हणजे तो विभागलेलाच असावयाचा. जे विभक्त झालेच नाही त्यात हिस्सा कसला? परंतु मुद्रांकाच्या कागदावर तसे स्पष्ट लिहिलेले आहे. चार भिंतींच्या आतील जागा आमची एकट्याची. आणि पाया, खांब, तुळया, जिना, गच्ची, पाण्याची टाकी व खालची जमीन यांत शेकडा सहा आणि काही अपूर्णांक इतका आमचा अविभक्त हिस्सा. त्या अपूर्णांकात जिन्याची कोणती पायरी येते, याचा शोध आम्ही अद्याप घेतलेला नाही.

इंग्रजीत या व्यवस्थेस 'कॉन्डोमिनियम' म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन असून त्याचा अर्थ सहस्वामित्व असा आहे. १८९९ साली इंग्लंड व इजिप्त यांनी सुदान देशावर मिळून जे राज्य स्थापिले त्यासही हेच नाव होते, व १९५६ साली सुदान स्वतंत्र होईपर्यंत ते चालले. त्या राज्यात नाव दोघांचे असले तरी हुकूम एकट्या इंग्रजाचा चाले. आमच्या इमारतीत धनी सोळा आहेत. येथे हुकूम सोळाही जण सोडतात, आणि जिन्यातील दिवा बदलण्याचे काम मात्र एकट्या चिटणिसाकडे असते.

ही इमारत विष्णुपुरीची. नांदेड शहराबाहेर, गोदावरीच्या काठी, काळेश्वराच्या देवळासाठी पूर्वी ओळखले जाणारे हे गाव. १९८१ साली येथे गुरू गोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, नदीवर बंधारा होऊन शंकर सागर जलाशय पसरला, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आले, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही शहरातून इकडे हलले. विद्येच्या मागोमाग बिऱ्हाडे आली आणि बिऱ्हाडांच्या मागोमाग इमारती. आमची त्यांतील जुन्यांपैकी एक. चार मजले, सोळा घरे, वय तीसच्या आसपास.

त्या दिवसांत लोकांनी अशा घरांकडे धाव घेतली, त्यास आणखी एक कारण होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपतीचे विसर्जन करून माणसे झोपली असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचे ओझे, अशी आपल्याकडील घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रचना. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती हजारो माणसांच्या अंगावर आली. त्या सकाळपासून मराठवाड्यातील माणसाचा माळवदावरील विश्वास उडाला. 'स्लॅबचे घर' हा शब्द नुसत्या सोयीचा वाचक न राहता जिवाच्या हमीचा वाचक झाला. आमच्या मातोश्री या इमारतीत प्रथम आल्या तेव्हा त्यांनी बैठकीच्या खोलीतील खांबावर तळहात ठेवून 'हा कुठवर गेलाय?' असे विचारले होते. तो खाली पायापर्यंत जातो असे ऐकल्यावर त्या स्वस्थ झाल्या.

कंधारकडे आमच्या मूळ गावी वाडा होता. ढेलज, चौक, दोन बळदे, आणि मागे आड. आजोबा व त्यांचे दोघे भाऊ यांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी सरस-निरस मानाने तीन भाग पाडले. चौकातून दोन भिंती गेल्या, एका बळदाच्या वाट्यास दारच राहिले नाही. तथापि आडाला कोणी हात लावला नाही. कोणी केव्हा पाणी शेंदावे हे ठरले. आणि आडाकडे जाणारी बोळ तिघांचीही राहिली. यात पंचांचे शहाणपण होतेच, पण ते त्यांचे एकट्यांचे नव्हते. मनुस्मृतीने वाटू नयेत अशा ज्या वस्तू सांगितल्या आहेत त्यांत पाणी आहे आणि जाण्यायेण्याची वाटही आहे. लातूरहून फारशा दूर नसलेल्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, चालुक्यांच्या आश्रयाने मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने विहिरीची किंमत करून ती वाटू नये, भाऊबंदांनी पाळीपाळीने पाणी घ्यावे, असा त्याचा खुलासा केला. आमच्या पंचांपैकी एकानेही मिताक्षरा पाहिली नसेल. पण ती त्यांच्या अंगात होती.

१९७० साली महाराष्ट्राने अपार्टमेंटच्या मालकीचा जो कायदा केला तो वाचताना आम्हांस पदोपदी या आडाची आठवण होते. त्यापूर्वी मोठ्या शहरांत सहकारी गृहसंस्था होत्याच. मुंबईस गावदेवीत रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली सारस्वत मंडळींनी तशी संस्था काढली. सहकारी संस्थेत इमारतीची मालकी संस्थेची व सभासद तिचा भागीदार. लहान घराचा असो वा मोठ्या, मत प्रत्येकास एकच. १९७० च्या कायद्याने घर ज्याचे त्याला दिले, आणि घराच्या किमतीच्या प्रमाणात सामाईक वास्तूतील टक्का त्यास चिकटवून टाकला. खर्च त्याच टक्क्याने सोसावयाचा. घर विकले की टक्का त्याच्याबरोबर जातो, वेगळा विकता येत नाही. आणि सामाईक भागाची वाटणी मागण्याचा अधिकार कोणासही नाही. ज्या समाजात भाऊ भावाविरुद्ध वाटणीचा दावा लावून दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितो, त्या समाजात सोळा परक्यांना 'तुम्हांस वाटणी मिळणार नाही' असे बजावणारा हा कायदा म्हणजे मोठेच धाडस होय.

या कायद्यातील आणखी एक कलम आमच्या तळमजल्यावरील गृहस्थांना अजून पटलेले नाही. सामाईक वस्तूचा उपयोग मी करीत नाही, सबब खर्च देणार नाही, असे म्हणून कोणास सुटता येत नाही, असे ते कलम आहे. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, स्वभावाने सज्जन. 'मी त्या लिफ्टमध्ये आजवर पाऊल ठेवलेलं नाही, पैसे कशाचे?' हा प्रश्न त्यांनी प्रत्येक वार्षिक सभेत विचारला आहे. त्यांना कलम वाचून दाखविले की ते ऐकून घेतात, पैसे भरतात, आणि पुढील वर्षी तोच प्रश्न विचारतात. आमच्या मते त्यांचा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. जी वस्तू आपण वापरीत नाही तिचे आपण धनी आहोत, ही जाणीव केवळ कायद्याच्या बळावर मनात उतरत नाही. आडावर घरच्या बायका रोज जात, म्हणून त्याचा काठ खचला की त्याच दिवशी ओरड होई. आमच्या गच्चीवरील टाकीपाशी वर्षातून किती जण जात असतील?

टाकीचे हे दुर्लक्ष अखेर भोवले. चौथ्या मजल्यावरील एका छताला ओल आली. नंतर दोन मजले खाली एका खांबाचा पोपडा सुटून आतली तांबूस सळई दिसू लागली. ओल प्रथम दिसली तेव्हा नेहमीचा वाद झालाच: वरच्याची जमीन तीच खालच्याचे छत, तेव्हा मधली जाडी कोणाची? भांडण नळाचे आहे की स्लॅबचे, यावर दोन रविवार गेले. मग एक अभियंता बोलावण्यात आला. त्याने लहान हातोडीने खांब एकेक करून ठोकून पाहिले. जेथे खणखणीत आवाज यावयाचा तेथे काही ठिकाणी तो बद्द आला. मग त्याने आम्हा सर्वांस समजावून सांगितले. काँक्रीट ताजे असते तेव्हा त्यातील क्षारगुण लोखंडाला जपतो. हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे आत शिरून तो गुण उणा करतो. मग ओलावा पोचला की सळईला गंज चढतो. आणि गंज हा लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापीत असल्यामुळे भोवतालचे काँक्रीट आतूनच फोडून काढतो. ज्या खांबावर मातोश्रींनी हात ठेवला होता तो, सुदैवाने, खणखणीत निघाला.

खर्चाचा अंदाज बावीस लाखांचा आला. आमच्यासारख्या घरास सुमारे एक लाख चाळीस हजार पडणार होते. या आकड्याने इमारतीचे खरे चित्र प्रथमच उघडे केले. सोळांपैकी सहा घरांचे धनी येथे राहतच नाहीत. मुले पुण्यास वा परदेशी गेल्यामागे तेही गेले, आणि घरे विद्यार्थ्यांना भाड्याने दिली. भाडे दरमहा पोचते, पण पत्रास उत्तर येत नाही. थकबाकीचा बोजा घरावर चढतो व ते विकते वेळी तो चुकवावा लागतो, हे कळविल्यावर दोघांचे पैसे आले. आणखी एकाने सुचविले की, दुरुस्ती कशास, सगळीच इमारत पाडून एखाद्या बिल्डरकडून नवी बांधून घ्यावी. मुंबई-पुण्यास असे होते. तेथे जमिनीला असे मोल आहे की वर चढविलेल्या जादा मजल्यांतून बिल्डरचे सारे वसूल होते. विष्णुपुरीचे गणित तसे नाही. आणि असते तरी, दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढून नव्या घरात परत येण्याची वाट पाहणे हे चाळिशीच्या माणसास जमते, सत्तरीच्या माणसास नाही. हा विचार सुचविणाऱ्या गृहस्थांचे वय आम्ही विचारले नाही, पण ते पुण्याहून बोलत होते.

दुसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. यजमान महाविद्यालयात होते. ते गेले, आणि कुटुंबनिवृत्तिवेतनावर त्यांचे चालते. सभेत एकाने, चांगल्या हेतूनेच, असे सुचविले की काकूंचा हिस्सा निम्मा करावा व उरलेला बाकीच्यांनी वाटून घ्यावा. सभा क्षणभर गप्प राहिली. काकू म्हणाल्या, 'सर, माझा आकडा कमी करू नका. मुदत तेवढी द्या.' त्यांनी बारा हप्ते मागितले. कोणी काही बोलले नाही. चिटणिसांनी इतिवृत्तात 'मुदत मंजूर' इतकेच लिहिले. आम्हांस मात्र त्या वाक्याने फार विचारात पाडले. निम्मा आकडा स्वीकारला असता तर टक्का कागदावर तोच राहिला असता. पण जिन्यावरून चढताना बाजूला होऊन वाट देण्याची पाळी काकूंवर आली असती. वाड्याच्या वाटणीत ज्याचा हिस्सा सगळे मिळून भरीत तो भाऊ पुढे आडावर सर्वांच्या मागून येई, हे आम्ही लहानपणी पाहिलेले आहे.

दसऱ्यानंतर काम सुरू झाले. खांबांचे सैल काँक्रीट काढून सळया घासल्या, गंजरोधक लेप दिला, जेथे सळई फार झिजली होती तेथे नवी जोडली व वरून नवे काँक्रीट चढविले. लिफ्टची ओढणीही त्याच वेळी बदलली. तळमजल्यावरील गृहस्थांनी आपली रक्कम पहिल्याच आठवड्यात भरली. सोबत 'लिफ्टच्या खर्चास माझी हरकत कायम ठेवून' असा कागद जोडला. चिटणिसांनी तोही दप्तरी लावला.

टाकी दुरुस्त होत असता बारा दिवस पाणी वर चढेना. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते, त्या मानाने हे काहीच नव्हते. जलाशय तर येथून हाकेच्या अंतरावर. तरीही तळच्या हौदातून बादल्या भरून चार मजले चढणे म्हणजे काय ते गुडघ्यांनाच विचारावे. पाळ्या लावाव्या लागल्या: चौथा मजला पहाटे साडेपाचला, तिसरा सहाला, याप्रमाणे. भाडेकरू विद्यार्थ्यांची नावे यादीत नव्हती, कारण ते धनी नव्हेत. ती त्यांनीच खाली पेन्सिलीने लिहिली. वैद्यकीय महाविद्यालयातील दोघे रात्रपाळी करून सकाळी सहाला येत, आपल्या दोन बादल्यांआधी काकूंच्या दोन बादल्या वर पोचवीत, आणि काकू त्यांना दारात चहा देत. तिसऱ्या दिवसापासून तळमजल्यावरील गृहस्थ हौदाच्या तोंडाशी खुर्ची टाकून वही घेऊन बसू लागले, आणि कोणत्या घरी किती बादल्या गेल्या याची नोंद ठेवू लागले. ती वही अजून त्यांच्याजवळ आहे.