नाचणीची नानखटाई

शाळेच्या वार्षिकासाठी माजी विद्यार्थ्यांनी काही लिहून द्यावे, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा विद्वत्तेचा एखादा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु लेखणी हाती घेतल्यावर जे आठवले, ते घरी केलेल्या बिस्किटांविषयीचे आहे. विषय क्षुल्लक आहे, हे मी जाणून आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

आमचे बिऱ्हाड नाना पेठेतील एका वाड्यात होते. दिवाळीस आठ-दहा दिवस उरले की पेठेतील बायका रवा, मैदा, पिठीसाखर व तूप एकत्र मळून, गोळ्याची परात पदराआड धरून बेकरीत जात आणि तेथील भट्टीत आपापली नानखटाई भाजून घेत. घरोघर शेगड्या होत्या. खाली-वर निखारे ठेवून पाहणाऱ्या हौशी गृहिणीही होत्या, पण एका बाजूने करपलेली व दुसऱ्या बाजूने पांढरी राहिलेली बिस्किटे एकदा निघाली, की त्याही बेकरीची वाट धरीत. ‘नान’ हा शब्द फारसी; त्याचा अर्थ रोटी. या पदार्थाचे माहेर सुरत, असे सांगतात. पुण्यात तो पाहुणा म्हणून आला आणि करंजी-चकलीच्या पंक्तीस जाऊन बसला.

भट्टीचा व्यवहार पाहण्यात मला फार गोडी वाटे. लाकडे जळून निखारे झाले, की ते ओढून बाहेर काढीत आणि विटांच्या तापलेल्या घुमटात प्रथम पाव भाजीत. पाव निघाल्यावर उष्णता हळूहळू उतरू लागे. ही उतरती आच नानखटाईस मानवते. कडक आचेत तिचा तळ करपतो आणि पोट कच्चे राहते. म्हणून आमची पाळी नेहमी दुपारी येई. लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत सरकवणारा मनुष्य घड्याळाकडे पाहत नसे. वास बदलला, की तो फळी उचली.

आजी बेकरीच्या पावास शिवत नसे, परंतु या नानखटाईस तिची हरकत नव्हती. “जिन्नस आपला, हात आपला. राहिली आग, ती का कोणाच्या मालकीची असते?” असा तिचा निवाडा होता. १८९० साली याच शहरात, पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य येऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ते वाचल्यापासून आजीचा निवाडा मला अधिकच उदार वाटू लागला आहे.

नानखटाई तयार झाली की तिची वाटणी होई. वाड्यातील सहा बिऱ्हाडे, क्वार्टर गेटजवळ राहणारे आमचे वर्गशिक्षक, आणि आत्या. ताटावर विणकामाचा रुमाल घालून ते पोहोचविण्याचे काम माझ्याकडे असे. परत येणारे ताट रिकामे नसे. कोणी त्यात अनारसे घाली, कोणी पेरू. नाताळात सरांच्या घरून कुलकुल येत, तेव्हा आमची आई त्यांच्या ताटात निदान मूठभर साखर घालून ते परत पाठवी. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडल्याचे मी तोवर पाहिले नव्हते.

१९७२ साल उजाडले ते महाराष्ट्रास दुष्काळाचे गेले. रेशनच्या दुकानात मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे, आणि साखरेचा प्रत्येक चमचा मोजून वापरावा लागे. वडील एका छापखान्यात खिळे जुळवीत असत. तो छापखाना आषाढात बंद पडला. दिवाळी आली तरी तो उघडला नव्हता. वडील सकाळी बाहेर पडत, दुपारी परत येत व भिंतीकडे तोंड करून निजत. घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

यंदा नानखटाई नाही, असे मी धरून चाललो होतो. परंतु आईचे माहेर महाड तालुक्यात. मामाने नाचणीची एक पिशवी व गुळाची ढेप पाठविली होती. आईने नाचणी भाजून दळून आणली आणि प्रयोगास आरंभ केला. पहिला घाणा हातात घेताच भुगा झाला. नाचणीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो. मग तिने त्यात निम्मी कणीक घातली, गूळ तुपात पातळ करून घेतला, सुंठ व जायफळ टाकले. हा गोळा मात्र वळला. रंग ओल्या मातीसारखा! “यावर काही नक्षी तरी हवी,” असे आई स्वतःशीच म्हणाली.

वडील उठले. फडताळाच्या वरच्या खणात एक पेटी होती. तीत जाहिरातीची मोठी अक्षरे छापण्याचे, छापखान्याने टाकून दिलेले लाकडी ठसे होते. ते त्यांनी धुऊन पुसून आणले आणि ज्या घरी बिस्किटे जावयाची, त्या घरच्या नावाचे आद्याक्षर प्रत्येक बिस्किटावर उमटवू लागले. ठशावरचे अक्षर उलटे असते. ते आम्हांस लावता येत नसे, पण त्यांच्या बोटांस न पाहताही कळे. भट्टीतून पहिला पत्रा निघाला, तेव्हा अक्षरे फुगून पुसट झाली होती, कारण आईने नेहमीप्रमाणे खाण्याचा सोडा घातला होता. दुसऱ्या खेपेस तिने सोडा वगळला. अक्षरे कोरल्यासारखी स्वच्छ उठली. बिस्किटे मात्र दगडासारखी झाली. वडिलांनी दोन्ही पत्रे शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, “अक्षर वाचता आले पाहिजे.” तेव्हा कठीण बिस्किटेच वाटण्याचे ठरले.

आता माझे कृत्य सांगतो. सरांच्या घरी निघालो तेव्हा ताटात बारा बिस्किटे होती. वाटेत दोन वर्गमित्र भेटले. त्यांच्या हाती मिठाईच्या दुकानातील रंगीत पेट्या होत्या. रुमाल उचलून एकाने विचारले, “गोवऱ्या का रे?” मी हसलो, आणि ते दूर जाईपर्यंत तेथेच उभा राहिलो. पुढे टांग्यांचा अड्डा होता. एक घोडा तोबरा रिकामा करून उभा होता. मी एकामागून एक बाराही बिस्किटे त्याच्यापुढे धरली. घोड्याने एकही नाकारले नाही.

घरी आल्यावर “सर फार खूश झाले,” असे मी सांगितले. आईने ताट हाती घेतले, रुमाल उचलला, आणि मजकडे पाहिले. ताट रिकामे होते. मी नियम विसरलो होतो. ती विसरली नव्हती. तिने मला एक शब्दही विचारला नाही. पेटीतून सरांच्या अक्षराचा ठसा तिने स्वतःच काढला व उरलेल्या पिठाची सात बिस्किटे केली. संध्याकाळपर्यंत भट्टी निवली होती, म्हणून ती तव्यावर झाकण ठेवून भाजली. दुसऱ्या दिवशी तेच ताट माझ्या हाती देऊन ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, “पायरी सांभाळून उतर.”

सरांनी एक बिस्किट उजेडात धरून पाहिले. मग ते चहात बुडविले. ते बराच वेळ दाद देईना, आणि नंतर एकाएकी विरघळून कपाच्या तळाशी गेले. सरांनी ते चमच्याने खाल्ले. “अक्षर फार सुबक आहे. कोणी उमटवले?” मी वडिलांचे नाव सांगितले. त्यांनी ताटात चार पेरू घातले आणि अधिक काही विचारले नाही.

घरी येऊन मी सरांचे वाक्य वडिलांस सांगितले. ते उठून बसले. “वेलांटी नीट उठली होती का?” असे त्यांनी विचारले, आणि मग वेलांटीचा ठसा टोकाशी कसा झिजतो, हे जेवण होईपर्यंत सांगत राहिले. छापखाना पुढल्या वर्षी उघडला. घोड्याची हकीकत मात्र मी वडिलांस कधीच सांगितली नाही. आईने सांगितली असेल, असेही वाटत नाही.

ती भट्टी आता नाही. ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी आहे, १९५५ पासूनची. एका इंग्रजी शहराच्या नावाची तिची श्रूसबेरी बिस्किटे घेण्यास लोक रांगा लावतात, आणि मीही लावतो. ती मजहून कोणासही उत्तम करता येतात. तथापि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी विजेच्या भट्टीत, १६० अंशांवर, नाचणीचा एक घाणा भाजतोच. चिमूटभर सोडा घातल्यास अक्षर वाचता येते आणि दातही वाचतात, हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

पेटीतील तीनच ठसे आता उरले आहेत. गेल्या दिवाळीत नातीस शेजारच्या मैत्रिणीचे अक्षर हवे होते, ते त्यांत नव्हते. तिने बटाटा कापून त्यावर ते सुलटे कोरले, आणि बिस्किटावर ते उलटे उठले. दुरुस्त करू का, असे मी विचारले. “नको, आजोबा, ती आरशात वाचील,” असे म्हणून ती ताट घेऊन गेली.