औषध थोडंच आहे?

अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने माझ्या हातात एक बाटली ठेवली. "ताई, हर्बल आहे. मूड मस्त राहतो." वर पिवळं फूल आणि नाव 'सेंट जॉन्स वर्ट'. माझी एसिटालोप्रॅमची गोळी पावसाळ्यापासून चालू आहे, त्यामुळे मूडसाठी मिळेल ती मदत मला हवीच असते. मागची अक्षरं मुंगीएवढी. मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला, तर एवढंच लिहिलेलं, की इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांची फी वाचवायला केमिस्टकडे गेले. त्याने बाटली उलटसुलट केली आणि दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, तुमची डिप्रेशनची गोळी चालूच आहे ना? मग ही नको." शेजारच्या काकू आपली खोकल्याची बाटली विसरून माझ्याकडे बघत राहिल्या.

शेवटी फी भरलीच. डॉक्टरांनी सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि परत ओढून घेतात. माझी गोळी ते परत ओढणं अडवते. ही वनस्पतीही साधारण तेच करते. दोन्ही मिळून सेरोटोनिन फार वाढलं तर हात थरथरतात, घाम फुटतो, जुलाब होतात, जीव कासावीस होतो. चिघळलं तर ताप चढतो, स्नायू ताठरतात, जिवावरही बेततं. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि तो बहुतेकदा २४ तासांच्या आतच दिसतो. तपासतात कसं, तेही दाखवलं. माझं पाऊल धरून झटकन वर दाबलं. सिंड्रोम असला तर पाऊल आपोआप ठकठक उडत राहतं म्हणे. माझं ढिम्म. परीक्षेत नापास झाल्यासारखी मी ओशाळले, तर ते म्हणाले, "उडत नाही तेच बरं."

मग घरातलं सगळं घेऊन यायला सांगितलं. पिशवी टेबलावर रिकामी केली. कफ सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन बाजूला गेलं. झोपेसाठी आणलेलं, अजून न फोडलेलं ५-एचटीपीही गेलं, कारण शरीर त्यापासून थेट सेरोटोनिनच बनवतं. अश्वगंधाचूर्णाने सुस्ती वाढू शकते, थायरॉइडचे आकडे हलू शकतात. "दर वेळी विचारतो, दुसरं काही घेता का?" दर वेळी मी नाही म्हणत आले होते. आता आपल्याकडे सप्लिमेंट कायद्याने खाद्यपदार्थांत मोडतात आणि डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' छापावंच लागतं, मग मी तरी त्यांना औषधात का धरावं?

गोळी सोडून बाटलीच घेऊ का, हेही विचारून झालं. गोळी एकदम बंद केली तर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. याच जातीचं फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळतं. शिवाय सेंट जॉन्स वर्टमुळे यकृत कितीतरी औषधं भराभर निकालात काढतं. गर्भनिरोधक गोळ्या, वॉरफरिन, एचआयव्हीची काही औषधं अपुरी पडू लागतात. अमेरिकेच्या एफडीएने २००० सालीच डॉक्टरांना तसं कळवलं होतं.

वॉरफरिन ऐकून मी दचकले. मावशीची हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायला ती तेच घेते. तिला फोन केला.

"हो गं, मलाही दिलीय त्याने. रोज घेते."

"आणि डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? औषध थोडंच आहे!"

आजपासून बंद कर म्हणून मी फर्मान सोडलं आणि फुशारकीने डॉक्टरांना कळवलं. ते माझ्यावरच चिडले. बाटली अचानक थांबवली की यकृत मंदावतं, वॉरफरिन जास्त चढतं आणि रक्तस्रावाची भीती असते. परत फोन लावला, "मावशी, थांब, आधी तुझ्या डॉक्टरांना विचार, आजच रक्ताची आयएनआर तपासणी करून घे." ती म्हणाली, "तुझं एकदा काय ते ठरव गं."