दुसरा प्रतापगड

प्रतापगड म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे, अफझलखान आणि १६५९ सालची ती भेट उभी राहते. त्याच नावाचा आणखी एक गड महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे, असे सांगितले तर पश्चिमेकडचे आमचे आप्तेष्ट आमच्याकडे किंचित संशयाने पाहतात. त्यांचाही दोष नाही. आम्ही मूळचे वसईचे. लहानपणी किल्ला म्हणजे आमच्या लेखी खाडीचे पाणी, पडक्या चर्चच्या कमानी, ताडांची रांग आणि १७३९ मधली चिमाजी आप्पांची मोहीम. डोंगरावरचा, रानाने गिळलेला, कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेला किल्ला कसा असतो ते आम्हांला विदर्भात येऊन बरीच वर्षे झाल्यावर कळले, आणि तेही एका पाहुण्यामुळे.

हा पाहुणा म्हणजे आमचा भाचा. मुंबईत नोकरी करतो आणि सुट्टीचे दिवस सह्याद्रीच्या कड्यांवर घालवतो. त्याच्या कचेरीतील दोघे जण दक्षिण फ्रान्समध्ये डोंगरमाथ्यांवरच्या मध्ययुगीन किल्ल्यांतून आठ दिवस पायी हिंडून आले होते. बरोबर वाटाड्या नाही. हातात नकाशा, रात्रीचे मुक्काम आधी ठरलेले आणि सामान मोटारीने पुढे गेलेले. "फादरमामा, असे तुमच्या गोंदियात करता येईल का?" असे त्याने फोनवर विचारले. सामान मोटारीने पुढे जाणार नाही, एवढे मात्र आम्ही त्याला तत्काळ सांगून टाकले.

त्या फ्रेंच किल्ल्यांची नावे त्याने उच्चारली तेव्हा आम्ही थोडे गप्प झालो होतो. माँसेगूर, केरिब्यूस, पेरपेर्त्यूझ. सेमिनरीत चर्चच्या इतिहासाच्या तासाला जी नावे खाली मान घालून ऐकली, ती सहलीची ठिकाणे म्हणून ऐकताना विचित्र वाटते. तेराव्या शतकात त्या भागात कॅथर नावाचा पंथ मूळ धरून होता. पोप तिसरे इनोसंट यांच्या आवाहनावरून १२०९ मध्ये त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झाले, बेझिये शहराची कत्तल झाली, आणि १६ मार्च १२४४ रोजी माँसेगूरच्या पायथ्याशी दोनशेहून अधिक माणसांना जिवंत जाळण्यात आले. आज तेथे दिसणारे बरेचसे बांधकाम त्यानंतरच्या राजसत्तेचे आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल देवाजवळ जाहीर क्षमा मागितली, तेव्हा आम्हांला हा डोंगर आठवला होता. भाच्याला आम्ही एवढेच म्हणालो, की किल्ला पाहायला जाणाऱ्याने पायथ्याशी काय घडले याचीही चौकशी करावी.

सहलीला होकार देण्यामागे आमचे स्वतःचेही एक कारण होते, आणि ते छातीत होते. २०२२ च्या डिसेंबरात नागपुरात आमची बायपास शस्त्रक्रिया झाली. वरिष्ठांनी प्रेमाने सुचवले होते की आता शहरातील एखाद्या शाळेची जबाबदारी घ्यावी. ईस्टरनंतर उत्तर कळवायचे होते. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे दूरदूर विखुरलेली आहेत आणि दोन टोल्यांवर पावसाळ्यात पायीच जावे लागते. तेथवर ज्याच्याने चालवत नाही त्या धर्मगुरूने ती जागा अडवून ठेवू नये, असे आमचे प्रामाणिक मत. चालवते की नाही, हे डॉक्टरांच्या यंत्रावरील फिरत्या पट्ट्यापेक्षा चार दिवसांच्या धुळीत अधिक खरे कळेल असे वाटले. हे आम्ही भाच्याला सांगितले नाही. धर्मशिक्षक मास्तरांना सांगितले, कारण गोळ्यांची डबी त्यांच्या पिशवीत होती.

१ एप्रिल २०२४, ईस्टरनंतरचा सोमवार. बल्लारशाकडे जाणाऱ्या पॅसेंजरने आम्ही तिघे निघालो आणि नवेगावबांधच्या बाजूस उतरून चालू लागलो. मास्तर तिरोड्याकडचे, त्यांना हा मुलूख आमच्याइतकाच अनोळखी. म्हणजे वाटाड्या नसण्याची अट बिनबोभाट पाळली गेली. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी दोन तास, एवढेच चालायचे. दुपारी या भागातले ऊन माणसाला चालू देत नाही.

व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पायी हिंडण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. नवेगाव-नागझिरा हा प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. त्यामुळे आमची वाट गावरस्त्यांची, तलावांच्या पाळींची आणि धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांची. पण अशा वाटेनेही पाहण्यासारखे पुष्कळ भेटते. नवेगावचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. कोहळी समाज तलाव बांधण्यात निष्णात. कोठे पाळ घालावी, पाणी कोणत्या बांधीत कसे उतरवावे, हे त्यांना कोणत्या महाविद्यालयाने शिकवले नव्हते. मारुती चितमपल्ली येथे वनाधिकारी होते आणि 'नवेगावबांधचे दिवस' त्यांनी याच पाण्याच्या आठवणींतून लिहिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. आम्ही पाळीवर बसलो होतो तेव्हा ते हयात होते, एवढीच नोंद.

भाचा मात्र अस्वस्थ होता. "किल्ला कुठे आहे?" हा त्याचा प्रश्न दर तासाला येई. त्यात १९ एप्रिलला लोकसभेचे मतदान होते. पाठीवर पिशव्या घेतलेले तीन परके पाहून प्रत्येक गावात एकच प्रश्न होई, "कोणत्या पक्षाचे जी?" आम्ही कोणाचेच नाही आणि किल्ला पाहायला आलो आहोत, हे उत्तर कोणालाच पटले नाही. एका पानठेल्यावरच्या वृद्धाने आम्हांला बाजूला घेऊन हळूच विचारले, "मग सर्व्हे हाये का?"

दुसऱ्या दिवशी गोठणगावच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या परिसरात आलो. येथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकणारे हे लोक उन्हाळ्यात घरी असतात. एका पोक्त गृहस्थांनी आम्हांला ओटीवर बसवून लोण्याचा खारट चहा दिला. मास्तरांनी तो औषधासारखा घेतला. बोलता बोलता गडाचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडे किल्ल्याला झोंग म्हणतात आणि त्या किल्ल्याच्या ताब्यातल्या सगळ्या मुलखालाही झोंगच म्हणतात.

आम्ही चहाची वाटी खाली ठेवली. कारण 'गड' या शब्दाचे या मुलखात नेमके हेच झालेले आहे. पश्चिम महाराष्ट्रात गड म्हणजे तट, बुरूज, दरवाजा. गोंडांच्या राज्यात गड म्हणजे त्याशिवाय त्या ठाण्याखालची गावे, त्यांचा सारा, त्यांचा न्यायनिवाडा. गढा-मंडल्याच्या संग्रामशाहाचे बावन्न गड म्हणतात ते बावन्न परगणेच. छत्तीसगडचे नावही तसेच पडले. शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा गड अशी ती गणना सांगितली जाते. देवगडच्या बख्त बुलंदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस वैनगंगेकडचा मुलूख बांधून घेतला, त्याच्या पठाण सरदाराने, राजाखानाने, तुमसरजवळ अंबागड उभारला आणि पुढे हे सारे नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने कामठ्याचे चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठले, तेव्हाही भांडण होते ते मुलखाचे. म्हणून येथे चिरेबंदी भव्यता शोधणाऱ्याची निराशा होते. गडाचा खरा भाग खाली पसरलेला असतो, आणि त्यावर आज धान उभे आहे. हे भाच्याला समजावताना आम्हांला पुष्कळ समाधान वाटले. त्याला किती वाटले, ते त्याच्या जांभईवरून ठरवणे बरे नव्हे.

तिसऱ्या दिवशी पहाटे प्रतापगडाच्या पायथ्याच्या रानालगत पोहोचलो तेव्हा पुरते उजाडले नव्हते. मोहाची फुले गळण्याचे दिवस. सगळ्या हवेत तो गोडसर, किंचित आंबूस वास. झाडाखालचा पाला जाळून जमीन काळी केलेली आणि तिच्यावर पिवळसर फुलांचा सडा. चार बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. पाचवी, थोडी वयस्क, पाठ झाडाला लावून नुसती उभी होती आणि मधूनमधून काठीने पत्र्याचा डबा वाजवत होती. मोहफुले वेचताना माणूस ओणवा असतो, आणि ओणवा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. म्हणून एकीने उभे राहायचे.

तिने आम्हांला विचारले, "कुठं चालले जी एवढ्या अंधाराचे?" वर, गडावर, असे सांगितले. "यात्रा तर होऊन गेली." आम्ही म्हटले, यात्रेसाठी नाही, पाहायला. तिने काही क्षण आमच्याकडे नीट पाहिले, आणि मग डबा वाजवत वाजवत, कोणाला हवामान सांगावे तशा आवाजात, सांगितले की तिची सून दोन वर्षांमागे अशीच वेचायला गेली आणि आली नाही. दोन नातवंडे आहेत. पैसे मिळाले, त्यांतले पुष्कळ बँकेत अडकवून ठेवले आहेत. पण फुले वेचावीच लागतात, कारण बँकेतले पैसे जेवायचे नसतात.

वडसा परिसरात १३ माणसांचे बळी घेतलेला सीटी-१ नावाचा वाघ २०२२ च्या ऑक्टोबरात पकडला गेला, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. २०२३ पासून अशा मृत्यूची भरपाई २५ लाख रुपये झाली, हेही ठाऊक होते. त्या बाईपुढे हे आकडे तोंडातून बाहेर पडेनात. भाच्याने पिशवी खाली ठेवली. त्याने काही विचारले नाही, तिच्या हातातला डबा घेतला आणि तिला टोपलीकडे जाण्याची खूण केली. सूर्य झाडांच्या वर येईपर्यंत तो मुलगा तेथे डबा वाजवत उभा होता. मास्तर आणि आम्ही वेचायला लागलो. ओणवे होऊन तासभर फुले वेचणे हे आमच्या डॉक्टरांच्या कोणत्याही यादीत बसणारे नव्हते. बायका आमच्या संथपणाला मनसोक्त हसल्या. आमच्या दोघांची मिळून अर्धी टोपलीही भरली नाही.

गड चढायला त्यामुळे उशीर झाला. चढ फार मोठा नाही. पाच वेळा थांबलो. मास्तर दर वेळी बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करीत, आणि त्यांच्या पायांत चपला होत्या. तटाचे दगड ठिकठिकाणी झाडोऱ्यातून डोकावतात, मुळांनी त्यांना मिठी घातली आहे. महाशिवरात्रीला येथे महादेवाची मोठी यात्रा भरते, आणि याच डोंगरावर ख्वाजा उस्मान यांच्या नावाचा दर्गाही आहे. नवस बोलणारे दोन्हींकडे जातात. वरून पाहिले तर रान, मध्ये मध्ये तलावांचे चकाकते तुकडे आणि उन्हाळी धानाचे हिरवे चौकोन. भाचा बराच वेळ खाली पाहत होता. सह्याद्रीत बुरुजावर चढून तो छायाचित्रे काढतो, येथे त्याने एकही काढले नाही. "डबा इथपर्यंत ऐकू येतो का?" एवढेच त्याने विचारले. आम्ही तिघांनी कान दिले. येत नव्हता.

चौथ्या दिवशी रेल्वेने जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दरेकशाला जाऊन कचारगड पाहिला. नावात गड असला तरी तट नाही, ती प्रचंड गुहा आहे. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी कोंडलेल्या मुलांना येथून सोडवले, अशी गोंडांची श्रद्धा. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. तिच्याविषयी लिहायचे तर वेगळा लेख हवा, आणि तो एखाद्या गोंड बांधवाने लिहिला तर आम्ही आधी वाचू.

परत आल्यावर आम्ही वरिष्ठांना चार ओळी लिहिल्या, की चाललो, पाच वेळा थांबलो, पण पोहोचलो, तेव्हा सध्या येथेच असू द्यावे. उत्तर आठवड्याने आले. राहण्यास परवानगी होती. अट एकच घातली होती, की टोल्यांवर एकट्याने जायचे नाही. मास्तरांनी ते पत्र वाचून घडी घातली आणि गोळ्यांच्या डबीबरोबर आपल्या पिशवीत ठेवले.